रोजच्या गाडीची शर्यत

ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या डायना पुंडोले यांनी चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर एमआरएफ सलून कार गटाचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. चारचाकीच्या शर्यतीत राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. पेशानं शिक्षिका, दोन मुलांची आई. वर्तमानपत्रांत बातमी आली, मोबाइलवर फोटो फिरले आणि विषय मागे पडला. ही शर्यत नेमकी कसली होती, तिच्यात काय कौशल्य लागतं, इथपर्यंत येण्यासाठी माणसाला कुठून कुठे जावं लागतं, हे मराठीत सांगायचं राहूनच गेलं.

या गटात धावणारी गाडी म्हणजे टोयोटा इटिऑस. जालन्याच्या रेल्वे स्टेशनबाहेर भाड्यासाठी उभी असलेली, लग्नसराईत वऱ्हाड वाहणारी तीच इटिऑस. बाहेरून पाहिलं तर स्टिकर सोडले तर फारसा फरक नाही. दार उघडलं की मात्र वेगळी दुनिया दिसते. मागची सीट नाही, गालिचा नाही, दारांची आतली अस्तरं नाहीत, छताचं कापड नाही. त्या जागी उघडा पत्रा आणि छतापासून तळापर्यंत बसवलेला लोखंडी नळ्यांचा पिंजरा. गाडी उलटली तरी चालकाच्या डोक्यावर छत कोसळू नये म्हणून हा पिंजरा असतो, त्याला रोल केज म्हणतात. चालकाची एकच खोलगट सीट, खांदे आणि कंबर आवळून धरणारे पट्टे, हाताशी आग विझवण्याची यंत्रणा. चालकाच्या अंगावर आगीला तोंड देणारा पोशाख, हातमोजे, हेल्मेट, आणि टक्कर झाली तर मान झटका खाऊ नये म्हणून हेल्मेटला जोडलेला मानेचा आधार.

मोटार शर्यत म्हटली की आपल्याला आठवते ती फॉर्म्युला वन, म्हणजे उघड्या चाकांची, जमिनीला घसटून पळणारी गाडी. ती शर्यतीसाठीच जन्माला येते आणि रस्त्यावर कधीच उतरत नाही. टूरिंग कार किंवा सलून कार या प्रकाराचा पाया अगदी उलटा आहे. जी गाडी कुटुंबासाठी शोरूममध्ये विकली जाते, तीच ट्रॅकवर आणायची. नियमच तसा असतो. अमुक इतक्या गाड्या सामान्य गिऱ्हाइकांसाठी बनवल्या असतील तरच त्या मॉडेलला शर्यतीत प्रवेश. १९६० च्या दशकात फोर्ड कंपनीला आपली लोटस कॉर्टिना शर्यतीत उतरवायची होती, तर तशा १००० गाड्या बनवणं तिला भाग होतं. त्यामुळे या शर्यतीत बघणाऱ्याला स्वतःची गाडी धावताना दिसते. ब्रिटनमध्ये १९५८ पासून ही स्पर्धा सुरू आहे. आज तिला ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिप म्हणतात, आणि बंपरला बंपर घासत जाणाऱ्या तिच्या गाड्या बघायला कुटुंबंच्या कुटुंबं रविवारी ट्रॅकवर जातात.

त्या लोटस कॉर्टिनातून १९६४ साली ब्रिटनचं सलून कार अजिंक्यपद जिंकणारा माणूस होता जिम क्लार्क. जन्म ४ मार्च १९३६, स्कॉटलंडमधल्या फाइफ परगण्यातल्या किलमॅनी गावचा. चार थोरल्या बहिणींच्या पाठीवर झालेला एकुलता एक मुलगा, त्यामुळे शेती आणि मेंढ्या त्यानंच सांभाळायच्या हे घरात गृहीत धरलेलं. शर्यतीला घरच्यांचा विरोध होता. १९५६ साली इयन स्कॉट वॉटसन या मित्राची डीकेडब्ल्यू गाडी घेऊन तो क्रिमंड इथल्या जुन्या विमानतळावरच्या शर्यतीत पहिल्यांदा उतरला. पुढे तो १९६३ आणि १९६५ असा दोनदा फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला, ७२ शर्यतींपैकी २५ जिंकल्या, १९६५ मध्येच अमेरिकेतली इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यतही मारली. ७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीत हॉकेनहाइमच्या ट्रॅकवर अपघातात गेला तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. चर्नसाइड गावच्या दफनभूमीत त्याच्या थडग्यावर जी ओळख कोरलेली आहे तिच्यात आधी ‘शेतकरी’ आहे आणि नंतर जगज्जेता. शेतकऱ्याच्या पोरानं असल्या नादाला लागू नये, असं आपल्याकडे ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं.

क्लार्कच्या कॉर्टिनाचे जुने फोटो मिळाले तर जरूर पाहा. वळणावर तिचं आतल्या बाजूचं पुढचं चाक हवेत उचललेलं असतं आणि गाडी तीन चाकांवर वळण घेत असते. बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो, पण आत बसलेला माणूस शांतपणे स्टीअरिंग धरून असतो. गाडीचा सगळा भार बाहेरच्या चाकांवर गेला आहे, आतलं चाक आता रस्त्याला काही देत नाही, आणि बाहेरच्या टायरमध्ये अजून किती पकड शिल्लक आहे, हे त्याच्या अंगाला कळत असतं. या खेळाचं मर्म त्या एका फोटोत आहे.

ते मर्म नीट समजून घ्यायचं तर टायरपासून सुरुवात करावी लागते. चालत्या गाडीचा प्रत्येक टायर कोणत्याही क्षणी रस्त्याला जेमतेम तळहाताएवढ्या जागेत टेकलेला असतो. वेग वाढवणं, ब्रेक लावणं, वळणं, सगळं या चार तळहातांच्या जिवावर. टायरची पकड ठरावीक असते आणि ती सगळ्या कामांत वाटून घ्यावी लागते. सगळी पकड ब्रेकमध्ये खर्च केली तर वळायला काही उरत नाही, अन् गाडी स्टीअरिंग फिरवूनही सरळच जाते. सगळी पकड वळणात लावली असताना ॲक्सिलरेटर दाबला तर चाकं नुसती घसरतात. इटिऑससारख्या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते आणि वळायचंही त्याच चाकांनी, त्यामुळे हा हिशोब आणखी कडक होतो. शर्यतीतला कसबी चालक म्हणजे ही पकड शेवटच्या कणापर्यंत वापरणारा आणि तरी ती न ओलांडणारा माणूस.

वळण घेण्याची रीतही यातूनच आली आहे. वळणाची त्रिज्या जितकी मोठी, तितका जास्त वेग टायर सोसतो. समजा, एका वळणाची आतली कड धरून गेलात तर त्रिज्या ३० मीटर पडते. साध्या चांगल्या टायरवर तिथे ताशी ५८ किलोमीटरच्या आसपास मर्यादा येते. तेच वळण रस्त्याच्या बाहेरच्या कडेनं सुरू करून मध्यावर आतल्या कडेला शिवलं आणि परत बाहेरच्या कडेला सुटलं, तर त्रिज्या ४५ मीटरपर्यंत जाऊ शकते आणि वेग ७० च्या पुढे. रस्ता तोच, गाडी तीच, फक्त वाट बदलली. मद्रासच्या ट्रॅकची एक फेरी ३.७१७ किलोमीटरची आहे आणि तिच्यात १२ वळणं आहेत. प्रत्येक वळणावर सेकंदाचा दहावा भाग वाचवला तरी एका फेरीत १.२ सेकंद होतात, आणि तेवढ्या फरकात चार-पाच गाड्या सहज मागेपुढे होतात.

म्हणून शर्यतीची तयारी पायी होते हे ऐकून अनेकांना नवल वाटतं. चालक ट्रॅकवर चालत फिरतात. कुठे डांबर गुळगुळीत झालंय, कुठे उंचवटा आहे, ब्रेक कुठल्या खुणेपाशी लावायचा, हे ते डोळ्यांनी आणि तळपायांनी टिपून घेतात. ही खूण कधी पाटी असते, कधी झाड, कधी डांबरावरचा एखादा काळा पट्टा. पुढच्या फेऱ्यांमध्ये ब्रेक त्याच खुणेवर, पाय तेवढ्याच दाबानं. एकदा जोरात गाडी हाणणं बऱ्याच जणांना जमतं. दहा फेऱ्या एकसारख्या मारणं फार थोड्यांना जमतं, आणि विजेतेपद त्या थोड्यांकडे जातं.

सगळ्यांना एकाच बनावटीची गाडी दिली की हे आणखी उघड होतं. इंजिन तेच, टायर तेच, त्यामुळे कुणी किती पैसे ओतले यापेक्षा कोण किती नेमकं चालवतं हे दिसतं. फोक्सवॅगननं २०१० मध्ये भारतात पोलो कप सुरू केला तो याच धर्तीवर. ती पोलो पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात बनलेली. ब्रिटनच्या स्पर्धेत निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्या असतात, तिथे चुरस टिकवायला आणखी एक युक्ती वापरली गेली. जिंकणाऱ्याच्या गाडीत पुढच्या शर्यतीसाठी जास्तीचं वजन टाकायचं. कित्येक वर्षं हे वजन आघाडीवरच्या चालकासाठी ७५ किलोपर्यंत असायचं, म्हणजे एक धडधाकट माणूस शेजारी बसवून धावण्यासारखं. शिवाय दिवसाच्या तिसऱ्या शर्यतीत पुढच्या काही जणांची क्रमवारी उलटी करतात, म्हणजे जिंकत आलेल्याला गर्दीतून वाट काढावी लागते. मला हा नियम फार आवडतो. तो जिंकणाऱ्याला शिक्षा करत नाही, त्याचं कसब आणखी ताणून पाहतो.

या कसोटीतून तीनदा पार पडलेला गॉर्डन शेडन हाही स्कॉटलंडचाच. होंडा सिव्हिक घेऊन तो २०१२, २०१५ आणि २०१६ मध्ये ब्रिटनचा विजेता झाला. २०१६ चं अजिंक्यपद हंगामाच्या शेवटच्या दिवशी अवघ्या २ गुणांनी मिळालं. त्याच्या आधी जॉन क्लेलंड या स्कॉटिश चालकानं १९८९ आणि १९९५ मध्ये व्हॉक्सहॉलच्या गाड्यांतून हा किताब घेतला होता, आणि तो शर्यतीबाहेर मोटारी विकण्याचा धंदा करायचा. एक मेंढ्या पाळणारा, एक गाड्या विकणारा. टूरिंग कारच्या दुनियेत अशी माणसं भरपूर सापडतात, कारण या खेळाचं दार पोटापाण्याचा धंदा सांभाळणाऱ्यांना पूर्ण बंद नसतं.

एवढ्याशा स्कॉटलंडला हे जमलं कसं? तिथली लोकसंख्या साधारण ५५ लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती, म्हणजे तीन जालना जिल्हे एकत्र केले तर स्कॉटलंडपेक्षा जास्त माणसं भरतील. पण त्यांच्याकडे फाइफमध्ये १९७४ साली नॉकहिल नावाचा ट्रॅक उभा राहिला. लांबी जेमतेम २ किलोमीटर, चढउताराचा, पावसात अवघड. तिथे लहान पोरं येतात, शिकतात, आपटतात, परत येतात. शेडनचं हे घरचं मैदान. ट्रॅक घराजवळ असला की दर आठवड्याला जाता येतं, आणि दर आठवड्याला जाता आलं की चालक घडतो. बाकी गुण माणसात असतातच.

आपल्याकडेही सुरुवात क्लार्कच्या क्रिमंडसारखीच, सोडून दिलेल्या विमानतळावर झाली. मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी होती. तिच्यावर कित्येक वर्षं शर्यती भरायच्या. मग मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनं इरुंगट्टुकोट्टाईला कायमचा ट्रॅक (हेच मद्रास इंटरनॅशनल सर्किट) बांधला, तो १९९० पासून वापरात आहे. कोइम्बतूरला एस. करिवर्धन यांच्या नावानं करी मोटर स्पीडवे आहे. स्वस्त रेसिंग गाड्या इथेच बनवून देशातल्या पोरांना या खेळात आणणारा हा माणूस १९९५ मध्ये विमान अपघातात गेला, ट्रॅक त्याची आठवण म्हणून उभा आहे. तिसरा मोठा ट्रॅक ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथे ऑक्टोबर २०११ मध्ये फॉर्म्युला वनची पहिली भारतीय शर्यत झाली. शोलावरमनंतर राष्ट्रीय मोटार शर्यतींचा इतिहास प्रामुख्यानं या तीन ठिकाणी घडला. जालन्यातून यांपैकी कुठेही जायचं तर एक हजार किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त प्रवास.

पुण्याच्या डायना पुंडोले याच नकाशावर धावत राहिल्या. शर्यतींची गोडी त्यांना वडिलांमुळे लागली. प्रत्यक्ष ट्रॅकवर त्या आल्या २०१८ च्या सुमारास, जेके टायरनं स्त्रियांसाठी घेतलेल्या निवड कार्यक्रमातून. तोवर संसार सुरू झालेला होता. सहा वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद, आणि २०२५ मध्ये मध्यपूर्वेतल्या फेरारी चॅलेंज मालिकेसाठी फेरारी २९६ चालवण्याची संधी. इटिऑस ते फेरारी हा प्रवास ऐकायला परीकथेसारखा वाटतो. मला त्याच्या मधली वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. सराव करायचा तर चेन्नई किंवा कोइम्बतूर. मुलांची शाळा, स्वतःची नोकरी, घर, आणि शनिवार-रविवार दुसऱ्या राज्यात. या खेळात खेळाडू बहुतेक वेळ ट्रॅकपासून दूर असतो, आणि ज्याला दूर राहूनही हात तयार ठेवता येतो तोच टिकतो. त्यात बाई म्हटल्यावर ‘हिला जमेल का’ हा प्रश्न प्रत्येक पायरीवर उभा. हेल्मेट घातल्यावर आत पुरुष आहे की बाई हे घड्याळाला कळत नाही. पुरुष आणि स्त्रिया एकाच शर्यतीत, एकाच नियमाखाली धावतात असे खेळ जगात मोजकेच आहेत, आणि हा त्यांतला एक.

महाराष्ट्रात त्या एकट्या नाहीत. कोल्हापूरनं तर या बाबतीत पुण्या-मुंबईला वाट दाखवली. तिथे मोहिते रेसिंग अकादमीनं कार्टिंगचा ट्रॅक उभारला. कार्टिंग म्हणजे छोट्या, छत नसलेल्या, जमिनीलगतच्या गाड्यांची शर्यत. जगातले बहुतेक नावाजलेले चालक लहानपणी यातूनच तयार झाले. त्या मातीतून ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या कप शर्यतींत धावला, कृष्णराज महाडिक ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला. पुण्याचे संजय टकले मोटरसायकलवरून रॅलीकडे वळले आणि जानेवारी २०२५ मध्ये सौदी अरेबियाच्या वाळवंटात डकार क्लासिक रॅलीत टोयोटा लँड क्रूझर घेऊन उतरले. कोल्हापूर आणि पुण्यात हे घडतं, कारण तिथे गॅरेजवाले, क्लब, जुने चालक असं एक गोत जमलेलं आहे. नव्या पोराला कुणाला तरी विचारता येतं.

आता जालन्याकडे येतो. आपल्या जिल्ह्याला यंत्राचं वेड नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांमध्ये देशभरातलं भंगार वितळतं आणि त्याच्या सळ्या होऊन बाहेर पडतात. त्या भंगारात मोडीत निघालेल्या मोटारींचा पत्राही असतो. संभाजीनगरकडे निघालं की जालना रोडवरच शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना लागतो, जिथे २००१ पासून गाड्या जोडल्या जातात. त्या स्कोडा कंपनीनं १९८१ साली आपल्या १३० आरएस या छोट्या गाडीच्या जोरावर युरोपच्या टूरिंग कार स्पर्धेत उत्पादकांचं विजेतेपद मिळवलं होतं. शेंद्र्याला कामाला जाणाऱ्या आपल्या पोरांपैकी कितीजणांना ही गोष्ट कुणी सांगितली असेल?

शर्यतीचं वेडही जुनंच. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या भरतात. जोडी सुटली की सेकंदाच्या अंशावर निकाल लागतो आणि त्या अंशावरून गावागावांत वर्षभर वाद चालतात. मध्ये न्यायालयाच्या बंदीनं पट थांबले. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला आणि नियमांच्या चौकटीत शर्यतींचा मार्ग मोकळा झाला. जनावराला इजा होऊ नये, परवानगी असावी, देखरेख असावी. नियम आले म्हणून शंकरपटाची शान कमी झाली नाही.

मोटारीच्या वेगाला मात्र अशी चौकट आपण दिलेली नाही. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता. मोटारींसाठी ताशी १२० ची मर्यादा. रस्ता उत्तम आहे, याबद्दल दुमत नाही. पण गाडी हातात आली, रस्ता मोकळा मिळाला आणि शिकवलं कुणी काहीच नाही, अशा अवस्थेत आपली पोरं त्यावर जातात. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. सिंदखेडराजा आपल्याला शेजारचंच गाव.

वेग काय करतो, याचा हिशोब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. कोरड्या रस्त्यावर, बऱ्या टायरवर ताशी ६० ला ब्रेक लावला तर गाडी २० मीटरच्या आसपास थांबते. १२० ला तेच अंतर ८० मीटर. त्यात समोरचं संकट दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा, तेवढ्यात १२० ची गाडी आणखी ३३ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे एकूण ११३ मीटर. मोबाइलकडे नजर गेली असेल तर याहून वाईट. रेसिंगचा विद्यार्थी हे पहिल्या आठवड्यात शिकतो, आणि कागदावर शिकून थांबत नाही. मोकळ्या ट्रॅकवर जोरात ब्रेक दाबून, गाडी कुठे थांबते ते तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. ज्यानं हे एकदा अनुभवलं तो रस्त्यावर पुढच्या ट्रकच्या बुडाला चिकटून जात नाही.

ट्रॅकवर वेग सुरक्षित का असतो, तर तिथे वेगाखेरीज बाकी सगळं आवरलेलं असतं. सगळ्या गाड्या एकाच दिशेनं. समोरून ट्रॅक्टर येणार नाही, आडवं जनावर येणार नाही, रस्ता ओलांडणारी म्हातारी नाही. वळणाबाहेर घसरलात तर गाडी संथ करणारी मोकळी जागा, त्यापलीकडे टायरच्या भिंती. ठरावीक अंतरावर झेंडेवाले उभे. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, पुढच्या गाडीला मागे टाकायचं नाही. लाल म्हणजे शर्यत थांबली. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे. काळा झेंडा आणि तुमचा नंबर दाखवला तर मुकाट आत यायचं. पिवळ्या झेंड्याखाली ओव्हरटेक केलं तर मिळवलेला क्रमांक जातो, मग चालक कितीही मोठा असो. ॲम्ब्युलन्स आणि डॉक्टर जागेवर नसतील तर शर्यत सुरूच होत नाही. हे सगळं सांगण्याचा हेतू एवढाच, की हा खेळ बेदरकार माणसांचा नाही. नियम पाळणाऱ्यांचा आहे, आणि नियम न पाळणारा त्यात फार दिवस टिकत नाही.

पैसा लागतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. टायर झिजतात, गाडी ठोकली तर पत्रा बदलावा लागतो, प्रवास, सराव, मेकॅनिक. म्हणूनच एमआरएफ, जेके टायर, फोक्सवॅगन अशा कंपन्यांच्या स्पर्धांना इथे महत्त्व आहे. गाडी आयोजकांची, देखभाल आयोजकांची, चालकानं शुल्क भरायचं आणि धावायचं. स्वतःची रेसिंग गाडी बांधण्यापेक्षा हा रस्ता पुष्कळ स्वस्त पडतो. तरीही मराठवाड्यातल्या मध्यम घराला तो जडच आहे, आणि इथे जालन्याच्या उद्योजकांना बोलायला जागा आहे. या शहरातल्या कारखानदारांनी कुस्तीच्या फडांना, क्रिकेटच्या स्पर्धांना सढळ हातानं मदत केलेली आहे. एक कार्टिंगचा ट्रॅक हे त्यांच्या आवाक्याबाहेरचं काम नाही. किलोमीटरभर चांगलं डांबर, कडेला टायरच्या भिंती, दहा-बारा कार्ट, एक जाणता प्रशिक्षक आणि दारात ॲम्ब्युलन्स. याच ट्रॅकवर आठवड्यातले काही दिवस ट्रक आणि टॅक्सी चालवणाऱ्यांना ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा लावायचा, घसरलेली गाडी कशी सावरायची, हे शिकवता येईल. मराठवाड्याला असा ट्रॅक हवा. तो जालन्यात व्हावा, कारण लोखंड इथं आहे, मोटारीचा कारखाना तासाभरावर आहे आणि महामार्गही दारातून जातो.

तो होईल तेव्हा होईल. तुमच्या घरात गाडीच्या आवाजानं मान वळवणारं पोर असेल, मुलगा असो वा मुलगी, तर त्याला दुचाकीची किल्ली देऊन बायपासवर सोडू नका. सुट्टीत कोल्हापूर-पुण्याकडे घेऊन जा आणि हेल्मेट घालून कार्टमध्ये बसवा. गोडी टिकली, हात बसला, तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया या संस्थेच्या नियमांची माहिती घ्या. शर्यतीचा परवाना तीच संस्था देते, आणि त्यासाठी मान्यताप्राप्त रेसिंग स्कूलचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. वयाची अट आणि गट तिथेच कळतात. परवाना हातात येईपर्यंत पोराला ब्रेक, टायर आणि झेंडे यांची नीट ओळख झालेली असेल, आणि तेवढं शिकून ते शर्यतीत उतरलं नाही तरी रस्त्यावर चांगलं चालवेल.